माळ्यावरचा छोटा टीव्ही: भंगारात घालण्याआधी

दोन वर्षांपूर्वी गणपतीला गावी, म्हणजे गुहागरजवळ, गेलो होतो. पूजेचा मोठा पाट शोधायला माळ्यावर चढलो. पाट काही सापडला नाही, पण गोणपाटात गुंडाळलेला पाच इंची टीव्ही सापडला. वर धरायला मूठ, मागे ओढून लांब करायची अँटेनाची काडी, बाजूला चॅनल शोधायचं चाक. थोरल्या काकांनी कुवेतहून आणलेला. खाली आणला, पुसला, प्लग घातला. घरातली सगळी पोरं भोवती गोळा झाली. पडदा हळूहळू उजळला आणि मुंग्या आल्या, म्हणजे नुसते वळवळणारे काळे-पांढरे ठिपके. चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, सगळीकडे मुंग्याच.

काका पडवीतून म्हणाले, "अरे, त्याच्यात आता काय यायचा नाय. सगळा बंद केलानी त्यांनी."

मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी बाजारातल्या एका मेकॅनिककडे नेला. ट्यूनर (चॅनल पकडणारा भाग) गेलाय म्हणून त्याने चारशे रुपये घेतले आणि मुंग्यांसकट परत दिला. मग ऑनलाइन एक बॉक्स मागवला, तो चुकीचा निघाला. मग एक अडाप्टर जाळला. एवढं झाल्यावर टीव्ही लागला. गावची घरं उघडताना असा एखादा टीव्ही पुष्कळांना सापडतो, पाच इंची नाहीतर चौदा इंची. माझे पैसे आणि वेळ गेला तसा तुमचा जाऊ नये म्हणून हे लिहितोय.

१. आधी हे समजून घ्या: टीव्ही बिघडलेला नाही

जुना टीव्ही हवेतून अ‍ॅनालॉग लहरी पकडायचा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. वरळीच्या तीनशे मीटर उंच मनोऱ्यावरून निघालेलं चित्र अलिबाग-मुरुडकडच्या लोकांना समुद्रावरून थेट मिळायचं. पुढे ऐंशीच्या दशकात उपग्रहावरून कार्यक्रम उतरवून घेणारी लहान प्रक्षेपण केंद्रं गावोगाव झाली आणि डोंगराआडच्या वाड्यांवरही बांबूला अँटेना चढल्या. एप्रिल-मेच्या उकाड्यात तर कधी कधी संध्याकाळी अरबी समुद्रापलीकडची केंद्रं आपोआप लागायची. तापलेल्या हवेच्या थरांमुळे लहरी समुद्रावरून शेकडो किलोमीटर वाहत येतात, म्हणून ते व्हायचं. आम्हाला तेव्हा ती जादू वाटायची.

हे सगळं दोन वाटांनी संपलं. केबलचं डिजिटायझेशन चार टप्प्यांत झालं. मुंबईची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ होती, आणि खेड्यांपर्यंतचा शेवटचा टप्पा ३१ मार्च २०१७ ला संपला. त्यामुळे केबलची वायर थेट टीव्हीत खोचून चित्र येणं बंद झालं. दुसरीकडे दूरदर्शनने आपली जमिनीवरची अ‍ॅनालॉग केंद्रं टप्प्याटप्प्याने बंद केली. त्यासाठी ३१ मार्च २०२२ ही मुदत धरली होती आणि मोक्याच्या जागांवरची पन्नासेक केंद्रंच तेवढी वगळली होती.

म्हणजे काडी शाबूत, ट्यूनर शाबूत, पण पकडायला हवेत काही नाही. उलट भरभरून मुंग्या आणि खरखर आवाज ही चांगली खूण आहे. पिक्चर ट्यूब, आवाज आणि ट्यूनरचा बराचसा भाग जिवंत असल्याशिवाय मुंग्या दिसत नाहीत. "ट्यूनर बदलावा लागेल" असं कुणी सांगितलं तर नम्रपणे टीव्ही उचलून घरी या.

२. प्लग घालायची घाई करू नका

मी घाई केली आणि वाचलो, एवढंच. दहा-पंधरा वर्षं दमट माळ्यावर पडलेल्या टीव्हीत पाल, मुंग्यांचं वारूळ, उंदराने कुरतडलेली वायर, गंज, काहीही असू शकतं. आधी दोन दिवस उन्हात नव्हे, सावलीत वाऱ्यावर ठेवा. मागच्या झरोक्यांतून टॉर्च मारून आत बघा. वायर हातात घेऊन पूर्ण लांबी चाचपा.

मागचं झाकण उघडू नका. चौदा इंची रंगीत टीव्हीच्या पिक्चर ट्यूबला वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब लागतो आणि प्लग काढल्यावरही ती ट्यूब बराच वेळ भरलेली राहते. पाच इंचीत दाब कमी असतो, तरी हात झटकून मागे फेकेल इतका असतोच. उघडायचाच असेल तर ज्याने पिक्चर ट्यूबचे टीव्ही दुरुस्त केलेत अशाच माणसाकडून. आता चाळिशीच्या आतल्या मेकॅनिकांतले बरेचजण फक्त पॅनलचं काम करतात.

पहिल्यांदा चालू करताना मेकॅनिक लोकांचा सिरीज बोर्ड वापरा. एका होल्डरमध्ये शंभर वॉटचा जुना तारेचा बल्ब, त्याच्याशी सिरीजमध्ये टीव्हीचा प्लग. आत शॉर्ट असेल तर बल्ब लखलखीत पेटून राहतो आणि टीव्ही वाचतो. ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंद होतो. एलईडी बल्ब यासाठी चालत नाही. जोडणीला उघड्या तारा लोंबू देऊ नका, आणि हे जमत नसेल तर गावच्या वायरमनला सांगा, त्याला "सिरीज" म्हटलं की कळतं. फटफट आवाज, जळका वास, पडद्याच्या मधोमध एकच पांढरी आडवी रेघ, यातलं काही दिसलं तर लगेच बंद करून थेट नवव्या मुद्द्यावर या.

३. पाठीमागची पाटी वाचा

टीव्हीच्या मागे एक छोटी पाटी असते. पुसट झाली असेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचा. त्यावर चार गोष्टी शोधायच्या.

किती व्होल्ट: २२० ते २४० असेल तर ठीक. आपल्याकडे बोटीवर काम करणारी माणसं पुष्कळ. जपान किंवा अमेरिकेहून आलेला टीव्ही १०० किंवा ११० व्होल्टचा असतो. तो थेट सॉकेटमध्ये घातला की खेळ संपला.

चित्र-आवाज पाठवायची कुठली पद्धत: पाल, बी/जी (PAL, B/G) लिहिलेलं हवं. भारतात पाल होतं, आणि आखातातून आलेल्या बऱ्याच सेट्सवरही पाल असायचं, म्हणून ते इथे बिनबोभाट चालले. नुसतं एनटीएससी (NTSC, अमेरिका-जपानची पद्धत) असेल तर चित्र वर-खाली पळत राहील.

बॅटरीची सोय: "डीसी १२ व्होल्ट" असं लिहिलेलं भोक आणि त्याशेजारी वर्तुळातल्या अधिक-उणे खुणा. मधली पिन अधिक आहे की उणे, हे तिथेच कळतं. मी ते पाहिलं नाही आणि घरात पडलेला एक अडाप्टर उलट्या पिनेचा निघाला. टीव्हीतल्या फ्यूजने टीव्ही वाचवला, अडाप्टर मात्र गेला.

आत यायची वाट: पिवळं-पांढरं गोल भोक, म्हणजे बाहेरून चित्र-आवाज आत घेणारं एव्ही इन, आहे का? नसेल तर अँटेनाची जागा कशी आहे? जुन्या चौदा इंचीवर चपटी वायर कसायचे दोन स्क्रू असतात, नंतरच्यांवर गोल केबलचं सॉकेट, आणि पाच इंचीवर बहुधा इअरफोनसारखं बारीक भोक. हे कागदावर लिहून ठेवा, कारण दुकानात गेल्यावर आठवत नाही. मला आठवलं नव्हतं.

४. काय दाखवायचं ते ठरवा

टीव्हीला आता कुणीतरी तोंडात घास द्यायला हवा. तीन घास आहेत.

पहिला, दूरदर्शनची फ्री डिश. महिन्याचं भाडं नाही, एकदाच डिश आणि बॉक्सचा खर्च. सह्याद्री वाहिनी त्यावर आहे. ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी टीव्ही लावायचा असेल तर माझं मत हेच, कारण रिचार्ज संपला म्हणून मुंबईला फोन येत नाही.

दुसरा, आधीपासून असलेला केबलचा किंवा डीटीएचचा सेटटॉप बॉक्स. त्याच्या मागे पिवळी-पांढरी-लाल भोकं असली की काम झालं. नव्या काही बॉक्सवर फक्त एचडीएमआय असतं. तेव्हा एचडीएमआयवरून एव्ही करणारी छोटी डबी मध्ये लागते. उलट्या दिशेची डबीही अगदी तशीच दिसते, घेताना बाण कुठे दाखवतोय ते बघा.

तिसरा, पेन ड्राइव्ह लावायचा मीडिया प्लेअर किंवा जुना डीव्हीडी प्लेअर. लग्नाच्या जुन्या कॅसेटी कुणी पेन ड्राइव्हवर करून घेतल्या असतील, तर त्या या पडद्यावर बघण्यात जी गंमत आहे ती मोठ्या टीव्हीवर नाही. त्या चित्राला मोठा पडदा झेपत नाही, पाच इंचीवर ते खणखणीत दिसतं.

सापळा इथे आहे. ऑनलाइन "डिजिटल टीव्ही बॉक्स" शोधलं की डीव्हीबी-टी२ लिहिलेले स्वस्त बॉक्स समोर येतात. मी तोच घेतला. टी म्हणजे जमिनीवरच्या केंद्रांचा सिग्नल. दूरदर्शनने २०१६ मध्ये मुंबईसह काही निवडक शहरांत ते प्रक्षेपण सुरू केलं होतं, पण गुहागरच्या वाडीत माझ्या बॉक्सला एक चॅनल सापडलं नाही. डिशसाठी एस किंवा एस२ लिहिलेला बॉक्स लागतो. शिवाय एमपेग-४ (चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत) आहे ना ते विचारा. जुन्या एमपेग-२ बॉक्सवर काही चॅनल दिसत नाहीत आणि दुकानदार तोच आधी काढून टाकायला बघतो.

५. जोडणी

बाजारात जाताना ही यादी खिशात ठेवा:

- एस२, एमपेग-४ सेटटॉप बॉक्स, शक्यतो १२ व्होल्ट अडाप्टरवर चालणारा
- साधारण दोन फुटी डिश, एलएनबी (डिशसमोरच्या दांड्यावर बसणारी, सिग्नल पकडणारी डबी), पुरेल एवढी गोल केबल आणि दोन जादा एफ कनेक्टर (केबलच्या टोकाला बसवायचे)
- एव्ही केबल (तिन्ही रंगांची)
- टीव्हीला एव्ही इन नसेल तर आरएफ मॉड्युलेटर
- चपटी वायर कसायचे स्क्रू असतील तर गोल केबल जोडायची छोटी डबी
- पाना, टेस्टर, रबरी टेप, थोडं ग्रीस

एव्ही इन असेल तर पिवळी पिन पिवळ्यात, पांढरी पांढऱ्यात, आणि टीव्हीला एकच स्पीकर असेल तर लाल पिन मोकळी सोडा. टीव्हीवर एव्हीचं बटण दाबा. संपलं.

एव्ही इन नसेल तर मॉड्युलेटर. ही काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी डबी असते. एका बाजूने एव्ही आत जातं आणि दुसऱ्या बाजूने जुन्या दूरदर्शनसारखा अ‍ॅनालॉग सिग्नल बाहेर पडतो. म्हणजे आपल्या टीव्हीपुरतं एक इवलंसं प्रक्षेपण केंद्र. तिच्यावर ३ किंवा ४ नंबरचं चॅनल निवडायची कळ असते, काहींवर २१ ते ६९. टीव्हीचा बँड त्याप्रमाणे ठेवा: ३-४ साठी व्हीएचएफ लो, २१ च्या पुढे यूएचएफ.

आता चाक अगदी सावकाश फिरवा, केसाएवढं. मुंग्या चाललेल्या असतात, खरखर चाललेली असते, आणि एका ठिकाणी दोन्ही अचानक गप्प होतात. पडदा काळा होतो. नवखा माणूस इथे घाबरून चाक पुढे नेतो. नेऊ नका, तीच जागा आहे. बॉक्स चालू करा, त्या काळ्यातून चित्र वर येईल. मग चाक किंचित मागेपुढे करून आवाज जुळवा.

चित्र आलं आणि आवाजाऐवजी नुसती फुसफुस असेल तर मॉड्युलेटर परदेशी मापाचा आहे. आपल्या पद्धतीत आवाज चित्रापासून ५.५ मेगाहर्ट्झवर असतो, अमेरिकन पद्धतीत ४.५ वर. टीव्ही ५.५ वर कान लावून बसतो आणि आवाज भलतीकडेच. काही मॉड्युलेटरच्या आत बदलायची कळ असते, बहुतेकांना नसते. घेतानाच "बी/जी" किंवा "५.५" छापलंय का ते बघा. दुकानदाराला यातलं ओ की ठो माहीत नसतं, त्यामुळे परत घेशील का हे आधी विचारून ठेवा.

पाच इंचीला सॉकेटच नसेल तर मॉड्युलेटरच्या वायरीचं मधलं टोक ओढायच्या काडीला छोट्या चिमट्याने लावलं तरी चालतं. वायर हातभर ठेवा. लांब अँटेना लावून तो सिग्नल वाडीभर पसरवायला जाऊ नका, ते बेकायदा आहे.

बॉक्सच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी करायच्या: व्हिडिओ "पाल" आणि पडदा "४:३". दुसरं केलं नाही तर माणसं लांबट दिसतात किंवा बातम्यांच्या पट्टीची दोन्ही टोकं कापली जातात. पाच इंचीवर पट्टी वाचता येईल अशी आशा तशीही ठेवू नका.

६. डिश: समुद्राकडे पाठ, सह्याद्रीकडे तोंड

फ्री डिश येते जीसॅट-१५ या उपग्रहावरून. तो विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्वेला आहे. आपल्या किनाऱ्यावरून तो आग्नेयेला दिसतो: अलिबागला उत्तरेपासून साधारण १३० अंशांवर, वेंगुर्ल्याला १२७ वर. उंची क्षितिजापासून ५८ ते ६० अंश. मोबाइलच्या होकायंत्रावर आधी दिशा धरा. डिशचा आकार असा असतो की ती दिसते त्याहून बरंच वर बघत असते, म्हणून तिचं तोंड आकाशाकडे फार उचलू नका.

उंची एवढी असल्यामुळे पूर्वेकडचे डोंगर सहसा आड येत नाहीत. आड येतात ती आपलीच झाडं. पोफळी, माड, परसातला रायवळ आंबा. झावळीची एक टोकदार पात वाऱ्याने हलली की चित्राचे तुकडे पडतात आणि आपण दोष देतो बॉक्सला.

जागा तपासायची एक सोपी युक्ती सांगतो. सप्टेंबर संपून ऑक्टोबर लागताना, आणि पुन्हा मार्चच्या मध्याला, सकाळी अकराच्या सुमारास सूर्य जवळजवळ याच उपग्रहाच्या मागे येतो. त्या दिवसांत अकराला डिशच्या जागी स्वच्छ ऊन असेल तर जागा चांगली, कवडसे असतील तर दुसरी शोधा. त्याच दिवसांत त्याच वेळी काही मिनिटं चित्र जातं, ते सूर्यामुळे. मेकॅनिकला बोलावू नका.

खाऱ्या वाऱ्याचं काय करायचं, हे मात्र दुकानदार सांगत नाही. समुद्रापासून कोसभरात असाल तर एफ कनेक्टर एका पावसाळ्यात हिरवट पडतो. जोडण्याआधी आतल्या बाजूला ग्रीसचं बोट फिरवा, जोडल्यावर रबरी टेप ताणून गुंडाळा, आणि केबल घरात शिरण्याआधी तिला खाली लोंबणारा एक वळसा द्या म्हणजे पाणी केबलवरून घरात न येता तिथूनच गळेल. डिशचा पाया जांभ्याच्या चिऱ्यात ठोकला तर दोन वर्षांत भोक मोठं होऊन डिश डुलायला लागते. शक्य असेल तर स्लॅबवर किंवा लाकडी वाशाला आरपार बोल्ट मारून बसवा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या वाडीत बहुतेक डिश उपळून शेतात पडल्या. टिकल्या त्या आरपार बोल्टवाल्या.

कनेक्टर लावताना किंवा काढताना बॉक्स बंद हवा. एलएनबीला वीज त्याच केबलमधून जाते. मुसळधार पावसात चित्र जाईल, त्याला इलाज नाही, पाऊस उतरला की येतं. वळवाच्या आणि परतीच्या पावसात ढग गरजायला लागले की डिशची केबल बॉक्समधून काढून टाका आणि प्लगही काढा. काकी अजून आरसाही झाकते, तेवढं करायची गरज नाही.

एक मान्य करतो: डिशला बांधल्यावर पोर्टेबल टीव्ही पोर्टेबल उरत नाही. काकांनी तो घेतला होता माडाखाली खाट टाकून क्रिकेट बघायला. आता तो तेवढाच फिरतो जेवढी केबल.

७. बॅटरीवर चालवायचा असेल तर

वीज गेली की या टीव्हीची खरी किंमत कळते. निसर्ग वादळानंतर काही गावं कित्येक दिवस अंधारात होती. १२ व्होल्टची गाडीची किंवा इन्व्हर्टरची बॅटरी, तिच्यावर टीव्ही आणि १२ व्होल्टचाच बॉक्स, एवढ्यावर बातम्या लागतात. बॅटरीजवळ फ्यूज लावा, विसरू नका.

मच्छीमार मंडळींसाठी वेगळी सूचना. हर्णैच्या बंदरात आमच्या एका भाच्याने जून-जुलैच्या बंदीत बोट किनाऱ्याला असताना टीव्ही बोटीच्या बॅटरीला लावला. बोटीवर दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले होते. धूर निघाला आणि टीव्ही कायमचा गेला. आधी मल्टिमीटरने मोजा, किंवा दोनपैकी एकाच बॅटरीच्या दोन टोकांवरून वायर घ्या.

८. टीव्ही म्हणून नकोच असेल तर

एव्ही इन असलेला चौदा इंची टीव्ही जुन्या कार्ट्रिजच्या व्हिडिओ गेमना नव्या टीव्हीपेक्षा बरा. बंदुकीचा गेम तर पिक्चर ट्यूबशिवाय चालतच नाही. बागेत किंवा गोठ्यात कॅमेऱ्याचा पडदा म्हणूनही चालतो, मात्र कॅमेऱ्यावर जुनी साधी व्हिडिओ पद्धत, म्हणजे सीव्हीबीएस, निवडायची सोय हवी. काही पाच इंचीत रेडिओही असतो, तो अजून वाजतो. नाटकमंडळींना सामान म्हणून लागतो. टीव्हीसोबत, पूर्वी टीव्ही ठेवायला लागायचं ते पोस्टातलं जुनं लायसन्सचं पुस्तक सापडलं तर ते वेगळं करू नका, हौशी लोक दोन्ही एकत्र मागतात.

९. टाकायचाच असेल तर अख्खा टाका

दारावर येणाऱ्या भंगारवाल्याला त्यातलं तांबं हवं असतं: ट्यूबच्या मानेभोवतीचं योक, म्हणजे तारेचं वेटोळं, आणि रंगीत टीव्हीत पडद्याभोवती फिरलेली वायर. ते काढताना तो ट्यूब फोडतो आणि काच तिथेच कुठेतरी पडते. आमच्याकडे पऱ्यात (ओढ्यात) टाकलेल्या ट्यूबा मी बघितल्यात, आणि त्याच पऱ्याचं पाणी खाली वाफ्यांना जातं. रंगीत ट्यूबच्या मागच्या नरसाळ्यासारख्या काचेत शिसं असतं, पडद्याच्या आतल्या बाजूला रसायनाची पूड असते. शिवाय ट्यूबमध्ये हवा नसते, त्यामुळे ती फुटते तेव्हा काच उडते. पोरांना दगड मारायला देऊ नका, जुन्या टीव्हीची फिश टँक करायची हौसही नको. ते करताना ट्यूब बाहेर काढावी लागते, आणि घरी ते काम करू नये.

ई-कचऱ्याचे सध्याचे नियम २०२२ चे आहेत आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. जुन्या वस्तूंच्या विल्हेवाटीची जबाबदारी त्यात उत्पादकांवर टाकलेली आहे. कंपनी अजून चालू असेल तर तिच्या ग्राहक सेवेला फोन करून विचारा. बंद पडलेल्या कंपनीचा किंवा कुवेतहून आलेला सेट असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त पुनर्चक्रण केंद्रांची यादी बघा. एका टीव्हीसाठी गावात कुणी येत नाही. आम्ही वाडीतले सात टीव्ही, दोन मॉनिटर आणि एक पोतं मोबाइलचे चार्जर असं जमवलं आणि आंबा पोचवून रिकामा जाणाऱ्या टेम्पोतून मुंबईला पाठवलं. पडदा खालच्या बाजूला, मध्ये पेंढा. आंब्याच्या पेटीतला पेंढा याला उत्तम.

बरोबर ठेवायचे कागद फार नाहीत: वस्तूंची यादी, पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता, आणि केंद्राकडून पावती. टीव्ही शाळेचा किंवा ग्रामपंचायतीचा असेल तर मात्र परस्पर हलवू नका. तो डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे सरकारी वस्तूंच्या नोंदवहीत, चढलेला असतो. आधी निर्लेखनाचा (नोंदीतून वस्तू काढून टाकायचा) ठराव, मग वस्तू बाहेर, आणि पावती त्याच फायलीला. पुढच्या तपासणीत हा टीव्ही कुठे गेला हे विचारणारा माणूस हमखास भेटतो.

आमचा पाच इंची त्या टेम्पोत गेला नाही. तो पडवीत काकांच्या खाटेजवळ स्टुलावर आहे, मॉड्युलेटर मागे रबरबँडने बांधलेला. संध्याकाळी सातच्या बातम्यांना काका चाक किंचित फिरवून आवाज जुळवतात. चॅनल बॉक्सच्या रिमोटने बदलतं हे त्यांना दहादा सांगितलंय. तरी बातम्या संपल्या की हात चाकाकडेच जातो, मुंग्या येतात, आणि आतून काकी ओरडते, "परत घालवलंत?"